नातीचा मोबाईल आणि आजोबांची लाल शाई

कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र बरेच मोठे असल्याने त्याचा गाभा तेवढा येथे देते.

“स. न. वि. वि. कागल तालुक्यातील एका हायस्कुलात मी सेवानिवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवले. माझी नात अकरावी सायन्सला आहे. परवा तिचा चाचणी परीक्षेतील इंग्रजी निबंध माझ्या हाती आला आणि मी हबकलोच. ‘यू’ आणि ‘आर’ ही पूर्ण शब्दांच्या जागी नुसती एकेक अक्षरे, ‘बिकॉज’च्या जागी तीन अक्षरांत उरकलेले ‘कॉझ’! दिवसभर मोबाईलवर मेसेज करण्याचा हा परिणाम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तिची वाक्ये दुरुस्त करून टाकू लागलो, तर तिने मला उत्तरे देणेच सोडले. आता फक्त अंगठा येतो. सूनबाईंचे म्हणणे, ‘बाबा, आजकाल सगळेच असं लिहितात.’ मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मेसेजमुळे इंग्रजी भाषेची वाट लागते आहे, हे खरे ना? बारावी होईपर्यंत नातीचा मोबाईल बंद करावा का? आणि असे लिहिणाऱ्या मुलांचे गुण सरसकट कापावेत, असे मी तिच्या कॉलेजला लेखी कळवावे का? ता. क. निबंधाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. लाल खुणा माझ्या आहेत.”

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या शेवटी जो ‘ना’ आहे, त्यावरून तुम्हाला कोणते उत्तर हवे आहे ते कळते. ते मला देता येत नाही. मेसेजमुळे इंग्रजी भाषेची वाट लागत नाही, असे माझे मत आहे. मात्र तुमच्या नातीच्या इंग्रजीबद्दल काळजी वाटण्यासारखे काहीच नाही, असेही मी म्हणणार नाही. ती काळजी कुठली आणि तिचा मोबाईलशी कितपत संबंध आहे, हे समजून घ्यायला तुम्ही जोडलेल्या झेरॉक्सचाच मला सर्वांत जास्त उपयोग झाला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पन्हाळ्याच्या सहलीवरच्या त्या दोन पानांत तुमच्या लाल शाईच्या एकवीस खुणा आहेत. त्यांपैकी मोबाईलच्या नावावर टाकता येतील अशा खुणा मोजून पाच निघतात: तीन ठिकाणी एकाक्षरी ‘यू’ किंवा ‘आर’, एक ‘कॉझ’ आणि वाक्याच्या सुरुवातीला लहान लिपीतले एक ‘आय’. उरलेल्या सोळा खुणा वेगळ्या जातीच्या आहेत. ‘फोर्ट इज ऑन हिल’ या वाक्यात दोन्ही नामांपुढची ‘अ’, ‘द’ ही उपपदे गळाली आहेत, कारण मराठीत तशी उपपदे नाहीतच आणि ज्या गोष्टीची आपल्या भाषेला कधी गरज पडली नाही ती लिहिताना आठवत नाही. ‘अवर सर वॉज हॅविंग अ कॅमेरा’ हे ‘आमच्या सरांकडे कॅमेरा होता’ या वाक्यातला ‘होता’ पकडून ठेवण्याच्या धडपडीतून आले आहे. ‘वुई डिस्कस्ड अबाउट तीन दरवाजा’ यातला ‘अबाउट’ हा आपल्या ‘विषयी’चा आग्रह आहे. आणि ‘द गाइड टोल्ड दॅट ही विल शो अंबरखाना’ या वाक्यात तर दोन दोष आहेत. कोणाला सांगितले ते ‘टोल्ड’नंतर यायला हवे होते, ते आलेले नाही, आणि गाइडने सांगितले की तो अंबरखाना दाखवेल, असे मराठीत सरळ भविष्यकाळात म्हणता येते, तर इंग्रजी मात्र तिथे काळ मागे ओढायला लावते.

सर, हे सोळा दोष मोबाईलने शिकवलेले नाहीत. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्याआधीच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तुम्ही गठ्ठ्यांनी तपासल्या असतील. ‘डिस्कस्ड अबाउट’ खाली तेव्हाही तुम्ही रेघ ओढतच होता, याची मला खात्री आहे. तरीही आज तुमच्या पत्रात त्या सोळांपैकी एकाही चुकीचा उल्लेख नाही आणि त्या पाचांवर मात्र तीन पाने आहेत. असे होणे स्वाभाविक आहे. जुनी चूक ओळखीची असते, तिचा राग येत नाही. नवी चूक मात्र डोळ्यांत खुपते, कारण तिच्यात आपल्याला न आवडणारी एक पिढीच दिसू लागते.

आता त्या पाचांकडे वळू. ही लघुरूपे आळसातून आली, असे तुम्ही लिहिले आहे. ती मुळात आली तंत्राच्या अडचणीतून. १९८५ च्या सुमारास फ्रिडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर निरनिराळी वाक्ये आणि प्रश्न टाइप करून त्यांतली अक्षरे, खुणा आणि मोकळ्या जागा मोजल्या. बहुतेक मजकूर १६० च्या आत बसतो असे त्याला दिसले आणि एका संदेशाची मर्यादा तीच ठरली. संदेशाला जागा होती १४० बाइटची. रोमन अक्षरे त्यात १६० मावत, देवनागरीसाठी लागणाऱ्या संकेतपद्धतीत मात्र जेमतेम ७०. पुढे ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश तरुण अभियंत्याने पहिला एसएमएस पाठवला तो ‘मेरी ख्रिसमस’ असा, दोन्ही शब्द पूर्ण लिहून. त्यात नवल नाही, कारण त्याने तो संगणकावरून टाइप केला होता. कसरत सुरू झाली ती बारा बटणांच्या हँडसेटवर. इंग्रजी ‘यू’ पूर्ण लिहायचा तर नऊचे बटण तीनदा, सहाचे तीनदा आणि आठचे दोनदा, असे आठ वेळा दाबावे लागे. एकाक्षरी ‘यू’ दोन दाबांत होई. शिवाय प्रत्येक संदेशाचे पैसे पडत, आणि दिवाळी किंवा नववर्षाच्या दिवशी कंपन्यांच्या सवलतीच्या पॅकचा उपयोग होत नसे हे तुम्हालाही आठवत असेल. ज्याला एका संदेशाच्या पैशांत निरोप बसवायचा आहे, तो स्वर गाळणारच.

ही काटकसर आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. तुमच्या पत्राचा आरंभ ‘स. न. वि. वि.’ने झाला आहे आणि शेवटी ‘ता. क.’ आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या वाचकांच्या पत्रांत ‘ती.’, ‘चि.’, ‘मु. पो.’ असते, लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ आजही छापले जाते आणि ते उलगडून सांगता येईल असे वऱ्हाडी मांडवात थोडेच सापडतील. दप्तरांतील मोडी कागद तर ‘रा. रा.’पासून सुरू होऊन लघुरूपांनी इतके भरलेले असतात की लिपी येऊनही नवशिक्या वाचकाचे अडते. या सवयीने मराठी खचली असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीचा इतिहासही वेगळा नाही. ‘ओ माय गॉड’ची तीन आद्याक्षरे आजच्या मुलींनी काढली असे आपण समजतो, प्रत्यक्षात १९१७ मध्ये ॲडमिरल जॉन फिशर या ब्रिटिश नौदलाच्या वृद्ध अधिकाऱ्याने विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ती आहेत. आणि १७१० मध्ये जोनाथन स्विफ्ट या लेखकाने शब्दांची शेपटे छाटण्याच्या फॅशनवर जी आगपाखड केली, तिच्यात ज्या शब्दांवर त्याचा राग होता त्यांत ‘मॉब’ होता. स्विफ्टचा राग गेला, ‘मॉब’ राहिला. आज तो मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही येतो.

इतिहासाने तुमचे समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. ‘तेव्हाचे सोडा, आजच्या मुलांचे काय?’ असे तुम्ही म्हणाल. या विषयावर भाषाशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बरेच मोजून पाहिले आहे. वेल्समधील कार्डिफ येथे क्रिस्पिन थर्लो यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांचे ५४४ संदेश तपासले, तेव्हा लघुरूपांचे प्रमाण एक पंचमांशाच्याही थोडे आतच निघाले. टोरांटो येथे सॅली टॅग्लियामॉन्टे आणि डेरेक डेनिस यांनी ७२ तरुणांच्या संगणकावरील गप्पा गोळा केल्या. हा मजकूर दहा लाख शब्दांहून अधिक होता, आणि २००८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यात या खास लघुरूपांचा वाटा तीन टक्केही नव्हता. मुले पानेच्या पाने सांकेतिक भाषेत लिहितात, हा आपला समज त्या तीन टक्क्यांवर उभा आहे. ब्रिटनमधील कोव्हेंट्री विद्यापीठात बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांचे संदेश लिहायला दिले, तर जी मुले लघुरूपे अधिक वापरत होती त्यांचे शब्दवाचन चांगले असल्याचे आढळले. याचे एक कारण असे सांगतात, आणि मला ते पटते, की शब्द कसा उच्चारला जातो आणि त्यातले कोणते अक्षर गाळले तरी तो ओळखता येतो, हे ज्याला कळते त्यालाच तो नीट कापता येतो. ‘बिफोर’ हा शब्द एक अक्षर आणि चार हा आकडा यांत बसवणाऱ्या मुलाला त्या शब्दातले ध्वनी कळलेले असतात.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात ड्र्यू सिंगल आणि श्याम सुंदर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २२८ शाळकरी मुलांपैकी संदेशांत ही भाषा जास्त वापरणाऱ्यांना व्याकरणाच्या चाचणीत कमी गुण पडले होते. अमेरिकेतच २००८ मध्ये प्यू या संस्थेने १२ ते १७ वर्षांच्या मुलांना थेट विचारले, तेव्हा ६४ टक्के मुलांनी कबूल केले की अनौपचारिक लेखनाची काही ना काही लकब आपल्या शाळेच्या लेखनात शिरते. ३८ टक्क्यांनी लघुरूपे वापरल्याचे सांगितले. म्हणजे गळती होते. तुमच्या नातीच्या पानावरची ती पाच टिपे गळतीचीच आहेत. प्रश्न इतकाच की गळती म्हणजे घर कोसळणे नव्हे, आणि ती बुजवण्याचा उपाय वेगळा असतो.

शिवाय या सर्व पाहण्यांचा मुलखाचा एक दोष आहे, जो त्यांचा हवाला देणारे लोक सहसा सांगत नाहीत. कार्डिफ, कोव्हेंट्री आणि टोरांटोच्या मुलांच्या कानावर घरात, बसमध्ये, दुकानात दिवसभर पूर्ण इंग्रजी पडत असते. त्यांच्या डोक्यात ‘यू आर’ पक्के बसलेले असते आणि मोबाईलवर ते त्याचे तुकडे करतात. आपल्या मुलांचे तसे नाही. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे हे खरे. पण शाहूपुरीतल्या मुलीला इंग्रजी भेटते ते पाठ्यपुस्तकात, गाइडमध्ये आणि मोबाईलवर. त्यांपैकी पहिली दोन ठिकाणे परीक्षेपुरती असतात, तिसरे तेवढे जिवंत असते. म्हणून ब्रिटनमध्ये काही बिघडले नाही म्हणजे कोल्हापुरातही बिघडणार नाही, असा हिशेब मी मांडणार नाही.

मात्र येथे कोल्हापूरच आपल्याला एक उत्तर देते. आपल्या गावातल्या मुली घरात आणि गल्लीत ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे बोलतात. पुण्यामुंबईकडच्या पाहुण्यांना ऐकून गंमत वाटते, काही जण नाकेही मुरडतात. याच मुली मराठीच्या पेपरात ‘मी आले’, ‘मी जाते’ असे लिहितात, आणि त्यांपैकी कोणी बोलण्याच्या सवयीमुळे मराठीत नापास झाल्याचे ऐकिवात नाही. मीही या सदरात ‘लिहिते’, आईशी फोनवर मात्र ‘लिहितो’. तुमची नातही हे दोन्ही बिनचूक करत असणार. एकदा लक्ष देऊन ऐका. हा पालट तिला कोणी नियम सांगून शिकवलेला नाही. तिला दोन्ही मराठी भरपूर मिळाल्या: एक रंकाळ्यावर आणि घरात, दुसरी पुस्तकांत, फळ्यावर, वर्तमानपत्रांत. इंग्रजीच्या बाबतीत तिला दुसरे रूप पुरेसे मिळालेले नाही, एवढाच फरक आहे. मैत्रिणीची इंग्रजी तिच्याजवळ आहे. प्राचार्यांना अर्ज करण्याची, एखादा प्रसंग सविस्तर सांगण्याची, मुद्दा धरून तो शेवटपर्यंत नेण्याची इंग्रजी नाही. तुमच्या काळजीला खरी जागा असेल तर ती येथे आहे. पहिली काढून घेतल्याने दुसरी मिळत नाही.

आणखी एक सुचवते, ते मात्र नातीच्या परवानगीनेच करावे. तिला तिच्या मैत्रिणींना गेल्या दोन दिवसांत पाठवलेले काही मेसेज वाचून दाखवायला सांगा. माझा अंदाज असा की त्यातले बहुतांश इंग्रजी नसतीलच. ‘कुठंयस’, ‘जेवलीस का’, ‘उद्या प्रॅक्टिकल हाय काय’ अशी अस्सल मराठी वाक्ये रोमन अक्षरांत लिहिलेली आढळतील, अधूनमधून ‘प्लीज’, ‘ओके’, ‘सॉरी’ पेरलेले. ज्याला आपण दुरून बिघडलेली इंग्रजी समजतो ती बऱ्याचदा परक्या लिपीतली आपलीच बोली असते. देवनागरीचा ७० अक्षरांचा जुना अडथळा आता उरलेला नाही, मोबाईलवर देवनागरी सहज लिहिता येते, तरी सवय राहिली आहे. मला विचाराल तर याची मला इंग्रजीच्या लघुरूपांहून जास्त रुखरुख वाटते. पण तुमचा प्रश्न इंग्रजीचा आहे, म्हणून हा विषय येथेच सोडते.

आजच्या मोबाईलमधून इंग्रजीला खरोखर काही धोका असेल तर तो माझ्या मते लघुरूपांचा नाही. आजचा कीबोर्ड ‘यू’ लिहिले की पूर्ण शब्द आपणहून पुढे करतो, स्पेलिंग चुकले तर न विचारता सुधारतो, पुढचा शब्दही सुचवतो. त्यामुळे मेसेजमधली इंग्रजी पूर्वीपेक्षा शुद्ध दिसू लागली आहे आणि ती लिहिणाऱ्याला मात्र ते स्पेलिंग आले असेलच असे नाही. कागदावर, जिथे सुचवणारा कोणी नसतो, तिथे ते उघडे पडते. त्यात अनेक मुले आता टाइपही करत नाहीत. आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. आता तर अख्खा निबंध यंत्राकडून लिहून घेता येतो. या सगळ्याच्या तुलनेत जी मुलगी चाचणीत स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चुकांसह दोन पाने पन्हाळ्यावर लिहिते, तिच्याबद्दल मला तरी आशा वाटते. तिच्या निबंधातले पुसाटीच्या बुरुजावरच्या धुक्याचे वाक्य तुम्ही खूण न करता सोडले आहे. ते वाक्य चांगले आहे, सर. तसे तिला सांगितलेत का?

आता अंगठ्याबद्दल. तुम्ही ते ओझरते लिहिले आहे, पण पत्रातली खरी बोच तीच असावी. घरच्या ग्रुपवर, आत्या-काका-मामांच्या देखत तिची वाक्ये दुरुस्त करणे कृपा करून थांबवा. वर्गात पोराची वही सगळ्यांसमोर उंच धरून चुका वाचून दाखवणारे शिक्षक तुम्ही नसणार. मग ग्रुपवर तरी तसे का व्हावे? सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला त्यातून व्याकरण कळत नाही, आजोबांशी कमी बोलावे एवढेच कळते.

यातच एक बारीक गोष्ट आहे, जी कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही पत्रात तुमचे दोन संदेश उतरवून दिले आहेत: ‘ओके.’ आणि ‘नोटेड. कम सून.’ दोन्हींत पूर्णविराम जागच्या जागी आहेत. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांना अशी एका शब्दाची उत्तरे दाखवली, तेव्हा शेवटी पूर्णविराम असलेली उत्तरे त्यांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली, तर फरक वाटला नाही. मेसेजमध्ये वाक्य संपल्याची खूण ‘सेंड’चे बटणच करते, त्यामुळे तिथला पूर्णविराम मुलांना फटकारल्यासारखा वाटतो. तुम्ही व्याकरण पाळत होता आणि नातीला वाटत असणार की आजोबा रागावले आहेत. या लेखनालाही त्याचे नियम आहेत. ते तुमच्या पुस्तकात नव्हते आणि तिला ते तोंडपाठ आहेत. काही दिवस तिलाच तुम्हाला ते शिकवू द्या. कोणत्या स्मितचित्राचा अर्थ काय, कोणते टाकले तर थट्टा होते, हे विचारा. शिक्षकाला विद्यार्थी होणे जड जात नाही, असा माझा अनुभव आहे. वडीलधाऱ्यांना मात्र जाते, म्हणून आग्रहाने सांगते आहे.

त्याच्या बदल्यात तुम्ही तिला जे देऊ शकता ते मोबाईल देऊ शकत नाही. दर रविवारी तिला इंग्रजीत एक पत्र लिहा, कागदावर, आणि तिच्या टेबलावर ठेवा. विषय घरातला असू द्या: कागलच्या हायस्कुलातला तुमचा पहिला दिवस, गुऱ्हाळावरची रात्र, १९८९ किंवा २०१९ च्या पंचगंगेच्या पुराची आठवण. तिच्याकडून उत्तर मागा, तेही कागदावर. त्या उत्तरावर लाल शाई नको. तिने ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहिले असेल तर पुढच्या पत्रात तुम्ही तेच क्रियापद ‘अबाउट’शिवाय दोनदा वापरा. उपपदे गळाली असतील तर पन्हाळ्याचे वर्णन तुमच्या पत्रात उपपदांसह येऊ द्या. पूर्ण इंग्रजीचा जो खुराक तिला घराबाहेर मिळत नाही, तो असा मिळेल, आणि सोळा खुणांचे मूळ कारण त्यानेच हलेल.

वाचनाचीही जोड हवी. बिंदू चौकाकडून पुढे करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालापासून ते या शहराला पुस्तके पुरवते आहे. तिला तिथे न्या, पण पुस्तक तिला निवडू द्या, ते तुम्हाला हलके वाटले तरी. भाषा पक्की होण्यासाठी वाचकाला पान उलटावेसे वाटले पाहिजे. थोरामोठ्यांनी नावाजलेले पुस्तक तिसऱ्या पानावर मिटले गेले तर त्याचा उपयोग नाही.

उरल्या त्या पाच खुणा. त्यांचा उपाय सगळ्यांत सोपा आहे. ही गळती घाईत होते, अज्ञानातून नव्हे. ‘यू’चे स्पेलिंग तिला येत नाही असे कोणीच म्हणणार नाही. पेपर संपण्यापूर्वी पाच मिनिटे राखून, अर्थाकडे लक्ष न देता, फक्त एकाक्षरी शब्द, आकडे आणि लहान ‘आय’ शोधत शेवटून सुरुवातीकडे वाचत यायला तिला सांगा. शेवटून वाचले की मजकुराच्या ओघात डोळा घसरत नाही. घरी एक सरावही करता येईल: एकच निरोप, समजा शनिवारच्या प्रॅक्टिकलला येता येणार नाही हा, तिने आधी मैत्रिणीला, मग तुम्हाला, मग प्राचार्यांना लिहावा. तिन्ही शेजारी ठेवून काय बदलले ते तिनेच सांगावे. पुढे ती गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत काम करू लागली आणि कास्टिंगच्या ऑर्डरबद्दल परदेशी ग्राहकाला मेल लिहायची वेळ आली, तर तिला हेच कौशल्य लागेल. जाता जाता सांगते, त्या कार्यालयांतल्या मेलमध्ये ‘प्लीज डू द नीडफुल’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट बॅक’ लिहिणारे वरिष्ठ मोबाईलवर वाढलेले नाहीत. ते तुमच्या-माझ्या पिढीचे आहेत, आणि त्यांनी तरुणांच्या इंग्रजीवर टीका केली की मला हसू येते.

मोबाईल बंद करण्याबाबत: या कारणासाठी करू नका. झोप, अभ्यासाचे तास, डोळे यांसाठी घरात काही शिस्त लावायची असेल तर ती तिच्या आईवडिलांनी तिच्याशी बोलून लावावी आणि ती घरातल्या सगळ्यांनी पाळावी. जेवताना मोबाईल नको असा नियम असेल तर तो तुमच्या मुलालाही लागू व्हावा. पण इंग्रजी बिघडते म्हणून मोबाईल काढून घेतलात, तर मराठीतून आलेले सोळा दोष जसेच्या तसे राहतील आणि आजोबांमुळे मोबाईल गेला एवढे मात्र तिच्या कायम लक्षात राहील.

कॉलेजला पत्र लिहायचेच असेल तर जरूर लिहा, पण गुण कापण्याची सूचना त्यात नको. औपचारिक उत्तरपत्रिकेत लघुरूप आले तर परीक्षक गुण कमी करतातच, त्यासाठी वेगळा फतवा लागत नाही. त्याऐवजी अकरावीच्या मुलांकडून महिन्यातून दोनदा वर्गात, मोबाईल बाजूला ठेवून, इंग्रजीत दोन पाने लिहून घ्यावीत आणि ती तपासण्यासाठी शिक्षकांना वेळ पुरत नसेल तर एक निवृत्त शिक्षक गठ्ठे तपासून द्यायला तयार आहे, असे कळवा. मराठीत लिहिलेत तरी चालेल. तुमचे अक्षर चांगले आहे.

आपली,
सदरलेखिका